जगदंबेचं बिऱ्हाड

नाशिकला जाऊन गोदावरी न बघता परत आलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. आळीतल्या बायकांनी रामकुंडाचं पाणी मागितलं, तेव्हा मी त्यांच्या हातावर मोहाची वाळलेली फुलं ठेवली. त्यांनी ती हुंगली, नाकं मुरडली आणि विचारलं, "मग तिकडे केलंस तरी काय?" त्याचं उत्तर दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं माहेर संगमेश्वराकडचं, आणि वादावादीचं. जेवताना एक प्रश्न आमच्या पानात हटकून वाढला जायचा. ज्यांच्या घरात धड काही नाही, अशी माणसं 'जे आहे ते तसंच राहू दे' म्हणणाऱ्या पक्षाला मत का देतात? वडिलांचं उत्तर होतं, भूल पडते. भावाचं उत्तर होतं, पाकिटं वाटतात. माझं उत्तर होतं, मला आमटी वाढा. पक्षांची नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली तर निम्मे वाचक इथेच पान उलटतील. एकाला जुन्या वळणाचा म्हणू, दुसऱ्याला सुधारणेचा. एवढ्याने भागतं.

त्या भावाची मुलगी मानसी नाशिकला एका संस्थेत काम करते. पेठकडच्या डोंगरातल्या बायकांना जमिनीचे, वारशाचे हक्क मिळवून द्यायचे, असं ते काम. यंदा निवडणुकीत तिने सुधारणेच्या पक्षासाठी पायांचे तुकडे पडेस्तोवर प्रचार केला, आणि तिचा उमेदवार आपटला. मग एका दुपारी तिचा फोन आला. "आत्या, ये ना. मला एकटीला पाड्यावर जायचा धीर होत नाहीये." आवाज रडवेला होता. मी बॅग भरली.

नाशिक रोड

स्टेशनाबाहेर रिक्षा मिळाली. रिक्षावाला पन्नाशीचा, मूळचा देवळ्याकडचा. बोलका निघाला. मी भिंतीवरचं प्रचाराचं अर्धवट फाटलेलं पोस्टर बघत होते, तर त्याने आपण होऊन सांगितलं की त्याचं मत जुन्या वळणाला गेलं.

"का हो?" मी विचारलं. माहेरची सवय.

"ते दुसरे येतात ना ताई, ते माझ्याशी गरिबीवरच बोलतात. तुमची गरिबी, तुमची गरिबी. आता मी गरीब आहे म्हणून काय चोवीस तास गरीबच असतो का? पोराचं लग्न करतो, गणपती बसवतो, जागरण घालतो. त्याच्याबद्दल बोला की कुणीतरी."

रिक्षा प्रेसच्या लांबलचक भिंतीच्या कडेने चालली होती. नोटा छापतात ती जागा. आतून काही आवाज येतो का म्हणून मी उगाच कान दिला. गुलमोहराच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि मला झोप येत होती.

मानसीची खोली एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. पोरगी वाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मिसळ खायला नेऊन तिने सगळं सांगितलं. नाशिकची मिसळ पापडाबरोबर देतात, आणि तर्री मागाल तितकी. मी हौसेने मागितली आणि नंतर डोळे पुसत बसले. बघणाऱ्याला वाटलं असेल, भाचीचा उमेदवार पडल्याचं हिला फारच लागलेलं दिसतंय.

गोष्ट अशी होती. पेठकडच्या एका पाड्यावर यमुनाबाई नावाची बाई राहते. तिच्या घरात खुंटीवर जगदंबेचा मुखवटा असतो. त्याला तिकडे सोंग म्हणतात. होळीनंतर त्या डोंगरात बोहाडा होतो. देवादिकांची, राक्षसांची सोंगं तोंडाला लावून संबळावर नाचतात. एकेक सोंग एकेका घराचं. जगदंबा शेवटची, सगळ्यांत मोठ्या मानाची. यमुनाबाईचा नवरा तिला नाचवायचा. गेल्या पावसाळ्यात तो वारला. मुलगा नाही, एक मुलगी आहे, ती सासरी. तिथली रीत अशी की जो नाचवील त्याच्या घरी सोंग राहायचं. म्हणजे आता ते दिराकडे, काशिनाथकडे जाणार. आणि यमुनाबाईला ते जायला नको होतं. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. सोंग आपल्या खुंटीवर राहावं, बस्स.

"आमचे सर तिच्या बाजूने होते," मानसी म्हणाली. सर म्हणजे तिचा उमेदवार, कॉलेजात शिकवणारा. "ते म्हणाले, नवऱ्याच्या सगळ्या वस्तूंवर बायकोचा वारसा आहे, हे सोंगही तिचंच. समोरचा उमेदवार तात्या. तोच गावपंचांत मोठा. त्याने तर तिला तोंडावर सांगितलं होतं, सोंग मिळणार नाही. आणि आत्या, तिने मत कुणाला दिलं असेल?"

"तात्याला," मी म्हटलं.

"तात्याला! आणि मलाच हसत हसत सांगितलं."

मग पापडाचा चुरा करत ती म्हणाली, "अजून एक झालं होतं. सरांनी सभेत बोहाड्याची खूप स्तुती केली. थोर लोककला, कलाकारांना मानधन मिळालं पाहिजे, वगैरे. मग आम्ही यमुनाबाईकडे गेलो. त्यांनी खुंटीवरचं सोंग काढलं, स्वतःच्या तोंडाला लावलं, आणि म्हणाले, मानसी, काढ गं फोटो."

"आणि तू?"

"मी काढला."

पेठच्या वाटेवर

जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की हलायला जागा राहत नाही, हे आमच्याकडेही तसंच. माझ्या शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. मी तिच्या खांद्यावर झोपले. जाग आली तेव्हा कोंबडी माझ्या मांडीवर होती आणि ती बाई माझ्या खांद्यावर झोपली होती.

द्राक्षांचे मळे मागे पडले आणि डोंगर सुरू झाले. चैत्र संपत आला होता. गवत वाळून सोन्याच्या रंगाचं झालेलं, मधूनमधून काळे चौकोन. भाताची रोपं टाकायची ती जागा पालापाचोळा घालून भाजून ठेवतात, त्याचे ते डाग. आमच्याकडेही भाजतात, पण आमचे तुकडे लहान, घराला लागून. इथे अख्ख्या उतारावर कुणी काजळाची बोटं उमटवून गेल्यासारखं दिसत होतं. ऊन असं होतं की दूरचे डोंगर जागेवर नसावेत, तरंगत असावेत. आणि वास. गोड, आंबूस, थोडा जडसा. मी मानसीला विचारलं, तर ती म्हणाली, मोह. फुलं पडायला लागलीत.

त्या वासात शिरल्यापासून पुढचं सगळं मला जरा अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. तारखा विचाराल तर सांगता यायच्या नाहीत.

पाडा

पाड्याचं नाव सांगत नाही. उतारावर विखुरलेली घरं, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, कौलं. आमच्या कोकणात प्रत्येक घराला दगडी गडगा आणि वाटेवर आडव्या बांबूंचं बेडं, शेजाऱ्याचा नारळ आपल्याकडे पडला तरी भांडण. इथे एकाही घराला कुंपण नव्हतं. शेळ्या कुणाच्या आणि अंगण कुणाचं, काही कळत नव्हतं.

यमुनाबाई दारातच होती. बारीक, काळीसावळी, केस अजून काळे, आणि हसली की सगळं तोंड हसायचं. "या बाई. लय लांबून आल्या. पाय धुवा आन मंग बसा."

मानसी अंगणातच घुटमळत राहिली. यमुनाबाईने बघितलं आणि ओरडली, "ये की आत! फोटो काढणारीचा काय दोस? मी काय तुला खाऊन टाकतेय?" मानसी आत आली आणि कोपऱ्यात बसली.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा मला सोंग दिसलं. शेंदरी तोंड, मोठे पांढरे डोळे, वर रंगीत मुकुट. कागदाच्या लगद्याचं, चिंचोक्याची खळ घालून केलेलं, वर रंगाचे पुन्हापुन्हा दिलेले हात. खाली पणती. मी कलाबिला फार जाणत नाही, पण त्या डोळ्यांसमोर मला पदर सावरावासा वाटला, आणि मी सावरला.

जेवायला नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आमटी काळपट, दाट, धुराचा वास असलेली. आमच्याकडे आमटीत नारळ नसला तर घरात कुणी आजारी आहे का विचारतात. इथे नारळाचं नाव नव्हतं आणि मी तीनदा वाढून घेतली. यमुनाबाई हसली. "बाईला आवडली. कोकणात मिळत नाय वाटतं उडीद."

ती भाकरी थापत होती आणि मी तिला माझा जन्माचा प्रश्न विचारला. आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण मला आडवळण जमत नाही. "यमुनाबाई, सर तुमच्या बाजूने होते. मग मत तात्याला कसं?"

"हां, होते ना सर माझ्या बाजूनं. जमिनीचा कागद बी ह्यांच्याच लोकांनी मिळवून दिला, खोटं कशाला बोलू? ही पोर माझ्यासंगं उनातानाची कचेरीत बसली." तिने मानसीकडे हनुवटीने दाखवलं. "पर त्या दिवशी सर आले. पायात बूट. सोंग काढलं, तोंडाला लावलं, आन हसले. बाई, माझा नवरा उपास धरायचा, जमिनीवर निजायचा, मंग तिला तोंडाला लावायचा. इतकी वर्सं झाली. देवीच्या आतून माणूस हसताना मी त्या दिवशी पयल्यांदा ऐकला."

"त्यांना वाईट करायचं नव्हतं," मानसी कोपऱ्यातून म्हणाली.

"नव्हतंच. म्हणून तर राग बी धरता येईना. मी आपली धूप घालत बसले कितीक दिवस." भाकर तव्यावर गेली. "सर म्हणाले, नवऱ्याच्या भांड्याकुंड्यावर बायकोचा हक, तसा ह्याच्यावर बी. भांड्याकुंड्यात धरली जगदंबा!"

"आणि तात्या?" मी विचारलं.

"तात्या मला सोंग देणार नाय. बोललाच तसं. पर चपला भाईर काढल्या, तिला हात जोडले, मंग खाली बसून बोलला. वहिनी, रीत हाय, जाऊ द्यावं लागंल. त्याला ठावं हाय तो माझ्याकडून काय काढून नेतोय. सरांना ठावंच नाय ते मला काय देतायत."

मला राग आला. खरंच आला. एवढी शहाणी बाई, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन वर हसतेय. मी म्हटलं, "म्हणजे नमस्कार करून लुटलं की लुटणं गोड लागतं?"

मानसीने माझ्याकडे घाबरून पाहिलं. यमुनाबाईने भाकर उलटली. 

"गोड कुठलं, बाई," ती म्हणाली. "रात्री तिच्याशी बोलत असते मी. मालक गेल्यापास्नं घरात बोलायला दुसरं हाय कोण? ती गेल्यावर ह्या घरात मी एकटी भिंतींकडं बघणार. गोड कसं लागंल?" आणि मग, हसायचा प्रयत्न करत, "खा. गार होईल."

मी खाली मान घालून खाल्लं. राग गेला नाही, पण तो कुणावर काढायचा ते कळेनासं झालं.

उंबराखाली

दुसऱ्या दिवशी दुपारी उंबराखाली पंच बसले. पुरुष मुळांवर आणि जमिनीवर, बायका जरा अंतरावर बांधाला टेकून. तात्या पांढऱ्या सदऱ्यातला, शांत आवाजाचा, साठीकडे झुकलेला माणूस. मी मनात त्याचं एक कपटी चित्र रंगवून ठेवलं होतं. ते काही त्याला बसेना. त्याने मला उठून नमस्कार केला आणि आमच्याकडे यंदा आंबा कसा आहे ते विचारलं.

काशिनाथ त्याच्या शेजारी बसला होता. वहिनीसारखाच बारीक. द्राक्षाच्या छाटणीवरून आदल्याच दिवशी परत आलेला. बोटांना औषधाचे डाग. तो पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता.

तात्याने लांबण लावली नाही. "जो नाचवील त्याच्या घरी सोंग. आजवर हेच झालं. काशिनाथ नाचवणार. सोंग बोहाड्यानंतर त्याच्या घरी."

मानसी उभी राहिली. बोलली छान. कायदा सांगितला. मग म्हणाली, "देवी बाईच आहे ना? मग तिने बाईच्या घरी का राहू नये?" बायकांत थोडी कुजबुज झाली. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

तात्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. "ताई, कायदा तुमचा बरोबर असंल. तुम्ही फौजदार घेऊन या. मी माझ्या हातानं सोंग वहिनींना देईन, भांडणार नाय. पर मंग पुढच्या साली तिच्यापुढं संबळ कोण वाजवील? नाचंल कोण?"

सगळे यमुनाबाईकडे बघायला लागले. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "रीत हाय ती हाय," ती म्हणाली.

मानसी ओढ्याकडे निघून गेली. मी तिच्यामागे गेले. ओढा आटला होता. मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा होता, फिकट, जाड, ओलसर फुलं, आणि पाड्यातल्या दोन म्हाताऱ्या ती टोपलीत वेचत होत्या. मानसी रडली. "मी तिच्यासाठी लढत होते, आत्या, आणि तिने मला एकटं पाडलं." मी तिला जवळ घेतलं. म्हाताऱ्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एकीने ओंजळभर फुलं आणून माझ्या पदरात टाकली. एक मी खाल्लं. गोड होतं, मागून तुरट.

संध्याकाळी काशिनाथ सोंग न्यायला आला. बोहाडा त्याच रात्री होता, आणि त्याआधी सगळी सोंगं मांडवात ठेवतात. यमुनाबाईने धूप घातला, सोंग खुंटीवरून उतरवलं, कापडात गुंडाळलं, आणि त्याच्या हातावर ठेवलं. "नीट धर," ती म्हणाली. "डावा कान ढिला हाय तिचा."

तो "हो वहिनी" म्हणाला आणि उतारावरून सावकाश, पायाकडे बघत गेला.

उजाडताना

बोहाडा रात्रभर चालतो. मी रात्रभर जागायचा पण केला होता. गणपती आला, शारदा मोरावर बसून आली, संबळ वाजत होता, टेंभ्यांचा धूर डोळ्यांत जात होता, आणि मी एका पोत्यावर टेकले ती गाढ झोपले. एवढ्या लांबून येऊन मी सगळे राक्षस झोपेत घालवले. स्वप्नात मात्र ते आले असावेत, कारण संबळ मला सारखा ऐकू येत होता.

मानसीने हलवलं तेव्हा आभाळ फटफटलं होतं. "आत्या, ऊठ. देवी निघाली."

जगदंबा घरोघरी जात होती. हातात तलवार, हिरवं लुगडं, आणि वर तो शेंदरी चेहरा. पहाटेच्या उजेडात ते पांढरे डोळे खुंटीवर होते त्याहून मोठे वाटत होते. आत काशिनाथ आहे हे मला ठाऊक होतं. तरी ते सारखं स्वतःला सांगावं लागत होतं.

प्रत्येक दारात ती थांबायची. घरातली माणसं पायांवर पाणी घालायची आणि गाऱ्हाणं घालायची. आता गाऱ्हाणं हा शब्द कोकणातल्या माणसाला नवा नाही. पण आमच्याकडे आपल्या वतीने गुरव बोलतो, 'बा देवा म्हाराजा' म्हणून, आणि आपण मागे उभं राहून होय म्हाराजा म्हणायचं. इथे गुरव नाही. ज्याचं दुखणं त्याचं तोंड. एकीने म्हैस आटल्याचं सांगितलं. एका म्हाताऱ्याने सुनेला बरं वाटू दे म्हटलं. देवी ऐकायची, आणि एखादा शब्द बोलायची, "बरं", "होईल", किंवा "नाही". एका माणसाला ती सरळ "नाही" म्हणाली. त्याने मान डोलावली आणि बाजूला झाला. इतर पाड्यांत असं असतं की नाही, मला ठाऊक नाही. इथे असं होतं.

यमुनाबाईचं घर टोकाला. तिथे येईतो सगळा पाडा मागे जमला होता. तात्याही होता, अनवाणी. यमुनाबाईने देवीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि उभी राहिली. संबळवाला थांबला.

"आई," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला तुझ्याबिगर करमत नाय. मालक गेले. आथा तू बी चालली. तुझा दिवा कोण लावतं, तुला ठावं हाय. तुझा ढिला कान कोण सांधतं, ते बी ठावं हाय. पंचांनी रीत सांगितली, मी ऐकली. आथा तू सांग. तुला कुठं ऱ्हायचंय?"

मानसीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे निळं झालं. मी तात्याकडे बघितलं. तो देवीकडे बघत होता.

मुखवट्याआडून श्वासाचा आवाज येत होता, जड, नाचून दमलेल्या माणसाचा. तलवारीचं टोक खाली आलं. शेंदरी चेहरा हळूहळू वाकला, यमुनाबाईच्या डोक्यापर्यंत.

"हितंच," देवी म्हणाली. "हितंच ऱ्हाते."

पहिले हात तात्याने जोडले. मी बघत होते म्हणून सांगते. त्याच्या तोंडावर ना आश्चर्य, ना राग. त्याने वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि संबळवाल्याला म्हणाला, "वाजव रे." तेवढ्यावर सगळं संपलं. कालचा पंचांचा निर्णय कुणी पुन्हा काढलाच नाही.

नंतर अंगणात चहा झाला तेव्हा मानसीने यमुनाबाईला गाठलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं? म्हणून काल गप्प बसलात?"

"काय म्हाईत असणार? तिनं त्या बाबाला नाय म्हटलं, तू ऐकलंस ना. मला बी म्हटलं असतं."

"मग?"

"मंग नाय तर नाय. तिचं नाय म्या ऐकलं असतं."

"आणि पुढच्या वेळी मत?"

यमुनाबाईने बशीतला चहा फुंकला. "पुढच्या येळेला बघू. तुझे सर बूट काढून आले तर बघू." आणि मानसीच्या पाठीत एक धपाटा घातला. मानसी हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

जीपची वाट बघताना मानसी मला म्हणाली, "म्हणजे आपण हरलो तेच बरं झालं का, आत्या?" मी नाही म्हटलं, आणि अजूनही नाहीच म्हणते. शेवट गोड झाला म्हणून रीत चांगली ठरत नाही. आत काशिनाथच्या जागी एखादा हावरट माणूस असता तर? देवी त्याच्या तोंडून काय बोलली असती? बाईचं घर असं एका माणसाच्या दमलेल्या श्वासावर टांगलेलं असू नये. कायदा त्यासाठीच असतो, आणि मानसीने तो सोडू नये. पण आमच्या जेवणाच्या पानात इतकी वर्षं वाढलेली ती दोन उत्तरं, भूल आणि पाकिटं, ती मात्र मी त्या डोंगरात टाकून आले. त्या बाईला भूल पडलेली नव्हती. तिच्याजवळ मोलाचं एक काहीतरी होतं, आणि ते आहे हे ज्याला दिसत होतं त्याच्याशीच तिला व्यवहार करायचा होता, मग तो नुकसानीचा का असेना.

निघण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. चहाच्या वेळी काशिनाथ ओट्यावर बसला होता. लुगडं उतरवलेलं, अंग घामाने भिजलेलं, तोंडावर दोऱ्यांचे वळ. सोंग कापडात गुंडाळून मांडीवर. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. जगदंबेचा मान म्हणजे पाड्यातला सगळ्यांत मोठा मान, आणि तो त्याच्या घरी चालून आला होता. मला राहवलं नाही.

"काशिनाथभाऊ, जिवावर नाही आलं? सोंग इथेच राहील असं कसं म्हणालात तुम्ही?"

त्याने पाणी पिणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. लबाडी नव्हती त्या बघण्यात. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय आणि पाहुणी आहे म्हणून हसायचं नाही, एवढंच होतं.

"मी कुठं म्हणालो, बाई?"

मग त्याने उरलेल्या पाण्याने पाय धुतले, रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, आणि सोंग दोन्ही हातांवर घेऊन वहिनीच्या घरात ते खुंटीवर लावायला गेला.